विमान जाईपर्यंत

कोरमंगलात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी मुलांचा फिल्म क्लब भरतो. तेरा ते अठरा वयाची वीसेक मुलं, एक कॅमेरा आणि मोठ्यांपैकी मी. मला तिथे कुणी नेमलेलं नाही. निवृत्त झाल्यावर मी घरात इतकं बोलू लागलो, की बायकोने एके रविवारी मला तिथे सोडलं. न्यायला ती अजून आलेली नाही.

कॅमेरा एकच, त्यामुळे सहा महिन्यांत फिल्मही एकच. कोणाची, ते ठरवायची आमची रीत आहे. ज्याला फिल्म करायची त्याने उभं राहून, हातात कागद न घेता, तीन मिनिटांत गोष्ट सांगायची. मुलं त्याला पिच म्हणतात. पहिला प्रश्न विचारायचा मान दवाखान्यात झाडलोट करून आम्हाला कॉफी देणाऱ्या अक्कांचा. मग मतदान. हात वर करून चालत नाही. ज्याच्या फिल्मसाठी राबायची तयारी असेल त्याच्यामागे आपली खुर्ची उचलून न्यायची. खुर्च्या लोखंडी, एकेक हत्तीच्या पिलाएवढी. उगाच कोणी उचलत नाही.

त्या खेपेला उभी राहणार होती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या येलहंक्याची एक नववीतली मुलगी. घरचे मूळचे निपाणीकडचे. येलहंक्याहून कोरमंगलाला यायला तिला इतका वेळ लागायचा, की पहिल्यांदा घरून निघाली तेव्हा ती आठवीत होती, असं मी सगळ्यांना सांगत असे. तिने आदल्या रविवारी मला जिन्यात गाठलं आणि गोष्ट सांगितली. त्यांच्या घरावरून हवाई दलाची विमानं जातात. आवाज आला की घरातले सगळे बोलता बोलता थांबतात, आणि तो गेला की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. बस, एवढंच. दोन महिन्यांत ते सर्जापूरकडे राहायला जाणार होते. म्हणजे फिल्म आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मी म्हटलं, पोरी, एवढ्याशा गोष्टीवर कोण खुर्ची उचलणार? आणि जिन्यात बसूनच तिला मसाला घालून दिला. बाबा हेर. आईच्या लोणच्याच्या बरणीत नकाशा. शेवटी विमान थेट गच्चीवर उतरतं. ती मान डोलवत होती. मला वाटलं, भारावली आहे.

रविवारी आधी एका मुलाने पीजीतल्या भुताची गोष्ट सांगितली. हे भूत रोज सकाळी बाथरूम अडवून बसतं आणि बाहेर सोळा पोरं टॉवेल घेऊन उभी. सगळे इतके हसले की खाली दातांच्या डॉक्टरांनी म्हणे चुकीचा दात काढला. निदान मी तरी तसंच सांगतो.

मग ती उभी राहिली. माझा हेर, माझी बरणी, माझं विमान, सगळं तिने शब्दन् शब्द सांगितलं, गणपतीची आरती पाठ म्हणावी तसं. मागच्या रांगेत एकाने मोबाइल काढला. विमान गच्चीवर उतरलं तेव्हा कोणी वरसुद्धा पाहिलं नाही.

अक्कांनी कॉफीचा ट्रे खाली ठेवला. गच्चीवर विमान उतरतं तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनीच "जळतात, जळतात" असं सुचवत होतो.

"अक्का, हे माझं नाही," ती म्हणाली. "काकांचं आहे."

वीस माना माझ्याकडे वळल्या. मी छताचा पंखा फार बारकाईने पाहिला.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "मग तुझं सांग."

घड्याळ सांभाळणाऱ्या मुलाने वेळ संपल्याचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, प्रश्नाचं उत्तर वेळेत धरत नाहीत. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता, आणि तो मोडायची कोणाची छाती झाली नाही.

ती आता हळू बोलू लागली. बाबा दादाला मार्कांवरून रागावत असतात. विमान येतं. बाबांचा हात तसाच हवेत. तेवढ्यात आई दादाच्या ताटात एक पोळी वाढते, दादा खाली बघून जेवतो, आणि बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहतात. आवाज गेला की बाबा पुढे सुरू करतात, पण स्वल्प खालच्या आवाजात.

"सर्जापूरला विमान नाही जात," ती म्हणाली. "तिथे बाबा एका दमात बोलतील."

कोणी हसलं नाही. मग खुर्च्या हलू लागल्या. जमिनीवर लोखंड घासल्याचा असा आवाज झाला, की पार लांब चिकपेटेतली कापडाची दुकानं भूकंप समजून बंद झाली असतील. भुताचा मालक जागचा हलला नाही, त्याच्यामागे चार खुर्च्या होत्या. बाकीच्या तिच्यामागे. मीही कमरेचं दुखणं विसरून माझी खुर्ची उचलली.

"काका, थांबा," ती म्हणाली. "यायचं असेल तर माइकची काठी धरायची."

मी म्हटलं, धरतो की, त्यात काय.

"काठी धरणाऱ्याने बोलायचं नसतं. श्वाससुद्धा ऐकू येतो."

आयुष्यात इतका कठीण करार मी केला नव्हता. खुर्ची तिच्यामागे ठेवली.

पुढचे तीन रविवार मी येलहंक्याला त्यांच्या स्वयंपाकघरात काठी उंच धरून उभा होतो. दंड असे भरले की बायकोने माझे शर्ट एक माप मोठे आणले. तिसऱ्या रविवारी दोन विमानांच्या मध्ये तिचे बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुम्ही फार बोलता असं ऐकलं होतं, साहेब. तुम्ही तर शब्दच काढत नाही."

मुलगी कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटूनच मान हलवली, आणि काठी बोटभर आणखी वर केली.