हौद कोरडा आहे म्हणे

सहल न्यायची तर आधी दोघांनी जाऊन जागा पाहून यायची, ही आमच्या शाळेची पद्धत. यंदा मी आणि शेजारच्या वर्गाच्या बाई गेलो. पंधरा वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवलेल्या. कनेरगाव नाक्याच्या पुढं एका शेतात पोहायचा हौद, झोके, हुरडा असं सगळं नवीन उभं केलेलं होतं.

आधी हौद पाहिला. कठडा नाही, खोली लिहिलेली नाही, लक्ष ठेवायला माणूस नाही. पंपाची उघडी वायर ओल्या फरशीवर. मालक म्हणे, आजवर काही झालं नाही. झाल्यावर काय सांगणार होता, डोंबल?

निघताना त्यानं शाल-नारळ काढलं. आमच्याकडं पाहणीला आलेल्याचा सत्कार केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. मीही मूर्खासारखी हौदाशी उभी राहून फोटो काढून घेतला. घरी येऊन मात्र स्वच्छ लिहिलं की इथं लेकरं नेऊ नयेत. कागद बाईंनी मागून घेतला, मुख्याध्यापकांना देते म्हणाल्या. दोन दिवसांनी सांगितलं, सरांनी हौद कोरडा ठेवायला लावला, वायरही काढली. मी विश्वास ठेवला.

सहलीच्या सकाळी बसपाशी एक आई म्हणाली, पोरीला दोन ड्रेस दिलेत, हौदात भिजंल. अहो, हौद कोरडा आहे, मी म्हटलं. तिनं फोन पुढं केला. पालकांच्या ग्रुपवर बाईंनी तोच फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, हौद मॅडमनी स्वतः तपासला, सगळं बराबर आहे.

अंगाची लाही लाही झाली. बाईंना बाजूला घेतलं. कागद अजून त्यांच्या पर्समध्येच होता. त्यांच्या लेकीची सोयरीक त्या मालकाच्या घरी चालली होती, ते आत्ता कळलं.

"माझ्या शब्दावर कोण पाठवतं?" त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमच्या नावावर पाठवून राहिले लोक."

मी बसच्या दारात उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, मी तिथं नेऊ नका म्हणून लिहिलं होतं, लेकरं उतरवा. एकेक करत बस रिकामी झाली. त्या आईनंही पोरीला खाली घेतलं, पिशवी काखेत मारली आणि मला विचारलं,

"मॅडम, आता तुमचं कोणतं खरं धरायचं?"