उर्दूचं कपाट

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि माझ्या दुपारी लांबल्या, म्हणून मी वाचनालयात जायला लागले. धाराशिवात आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी तीच एक जागा होती, जिथं बाईमाणूस एकटं बसलं तरी कुणी काही विचारत नव्हतं. आधी नुसती वाचायला जायची. एकदा ग्रंथपाल सर एकटेच शिडीवर चढून पुस्तकं लावत होते, म्हणून खालून पुस्तकं द्यायला उभी राहिले. तिथून ते कामच माझ्याकडं आलं. उखडलेले कणे खळीनं चिकटवायचे, नंबरांच्या चिठ्ठ्या लावायच्या, कसर लागलेली पुस्तकं उन्हात घालायची. फुकट काम करणारी म्हणून तिथं मला मान होता, आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा.

मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. त्यात निजामाच्या काळापासून जमलेली उर्दू पुस्तकं होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. झाडताना पुस्तक सुलटं ठेवलं की उलटं, हेही समजायचं नाही.

त्या कपाटाला एकच वाचक होता. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्यांना सगळे आपा म्हणायचे. डोक्यावरून पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी. आल्या की स्वतःच कपाट उघडायच्या आणि माझी उलटी ठेवलेली पुस्तकं न बोलता सुलटी करायच्या. मग खिडकीजवळ बसून वाचायच्या. वाचताना कधी एकट्याच हसायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "बाई, मराठीत सांगितलं तर हसू यायचं नाही तुम्हाला."

पुढं पुढं पुस्तक त्यांच्या नाकाजवळ यायला लागलं. मोतीबिंदू म्हणाल्या. मग त्या यायच्याच बंद झाल्या. लेकीकडं सोलापूरला गेल्या असं कुणीतरी सांगितलं.

त्याच सुमाराला वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी वाढली. घरी एका खोलीत सहा माणसांत राहणारी ही मुलं, आमच्याकडं जिन्यात, दारात, चपलांच्या शेजारी बसून अभ्यास करायची. संचालक मंडळाच्या बैठकीत ठरलं की एक भिंत मोकळी करून टेबलं लावायची. कुठली भिंत, ते सरांवर सोडलं.

"उर्दूचं कपाट काढू," मी म्हणाले.

सर घुटमळले. "आपा वाचतात ना ती पुस्तकं."

"आपा कुठं येतात आता? डोळे गेले त्यांचे."

हे वाक्य माझं. सरांचं नाही, मंडळाचं नाही. आपांच्या घराची गल्ली मला माहीत होती. निरोप पाठवता आला असता, लेकीचा फोन नंबर मिळवता आला असता. मला ते सुचलं नाही असंही नाही. विचारलं असतं तर त्या राहू द्या म्हणाल्या असत्या, आणि मला ती भिंत हवी होती. पोरांनी टेबलं लावल्यावर "काकू, तुमच्यामुळं झालं" म्हणावं, हेही हवं होतं. ते त्यांनी म्हटलंही.

रद्दीवाल्याचा टेम्पो आला तेव्हा पुस्तकं उचलून द्यायला मी स्वतः उभी होते. बरीचशी इतकी जुनी होती की हातात पानांचा चुरा व्हायचा. त्या चुऱ्याकडं बघून मी मनाचं समाधान करून घेतलं.

उन्हाळा संपता संपता आपा आल्या. दारातच मला बघून हसल्या. नवा चष्मा होता. "बाई, ऑपरेशन झालं. तुमच्या साडीवरची बुट्टी दिसते मला इथून!" असं म्हणून त्या सरळ मागं गेल्या.

मी काउंटरपाशीच उभी राहिले. मागच्या भिंतीशी टेबलं होती, त्यांच्यावर माना घालून मुलं बसली होती. आपा मध्येच थांबल्या. एक मुलगी उठून म्हणाली, "बसा ना आजी." आपा बसल्या. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघितलं.

"बाई, कपाट कुठं हलवलं?"

गोदामात आहे, असं म्हणावंसं वाटलं. शब्द तोंडापर्यंत आले होते.

"आपा, पुस्तकं रद्दीत दिली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला आणि घडी करून डबीत ठेवला. मग त्या शेजारच्या मुलीला कुठल्या परीक्षेची तयारी करते, ते विचारायला लागल्या. मुलगी उत्साहानं सांगत होती. जाताना मला म्हणाल्या, "एका कादंबरीचा पहिला भाग वाचून झाला होता. दुसऱ्या भागासाठीच डोळे करून घेतले म्हणा ना." आणि हसल्या. रागावल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

रात्रभर तेच डोक्यात राहिलं. सकाळी स्वयंपाक तसाच टाकून मी रद्दीवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "तो माल तेरखेड्याला गेला, ताई. फटाक्याच्या नळ्या वळायला कागद लागतो त्यांना. आमचं गिऱ्हाईकच हाय ते." कुणाकडं गेला, तेही त्यानं सांगितलं.

मी एकटी जाणार होते. आपांना सांगायला गेले तर त्या पायात चप्पल घालायला लागल्या. "तुम्हाला सुलटं-उलटं कळत नाही, बाई. ओळखणार कशी?"

बीडच्या गाडीत बसलो. येडशी मागं पडेपर्यंत मी बोलत होते. टेबलांविषयी, पोरांच्या अडचणीविषयी, पानांच्या चुऱ्याविषयी. आपा खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून वाचत होत्या, मराठी, हिंदी, सगळ्या. खूप दिवसांनी वाचता येणाऱ्या माणसाचा तो आनंद होता. माझं बोलणं मलाच नकोसं झालं.

तेरखेड्यात फटाक्यांत दारू भरायचं काम गावाबाहेर चालतं, पण कागदाच्या नळ्या बायका घरी बसून वळतात. आम्हाला सांगितलेल्या घराच्या पडवीत चार-पाच जणी वळत बसल्या होत्या. भोवती वर्तमानपत्रांचे आणि शाळेच्या जुन्या वह्यांचे ढीग. मी उर्दू पुस्तकांचं विचारलं. हसत बोलणाऱ्या त्या बायका एकदम एकमेकींकडं बघायला लागल्या.

त्यातली एक जण, चाळिशीची असेल, आपांच्या दुपट्ट्याकडं बघून उठली. "सलाम आपा," म्हणाली. "ती पुस्तकं म्या वळू दिली न्हाईत. मला वाचता येत न्हाय, पर अक्षरं ती आपल्या कुराणाची दिसली. त्याचा फटाका कसा करायचा? मालकाला म्हणलं, ह्याचा कागद तुटतोय, वळत न्हाय. खोटं न्हवतं ते बी."

माझ्या जिवात जीव आला. "मग कुठं आहेत?"

"मशिदीत नेऊन दिली. त्यांनी तलावात सोडली. तसंच करत्यात ना, पायाखाली येऊ नये म्हणून." मग घाईनं म्हणाली, "थोडी ऱ्हायलीत. ती बी मशिदीत न्यायची व्हती."

ती आत गेली आणि कपड्यात बांधलेलं एक गाठोडं दोन्ही हातांवर धरून घेऊन आली. पाटावर ठेवलं. आपांनी चष्मा लावला आणि वरचं पुस्तक उघडलं. सगळ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. आपांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत.

"अगं, हे कोंबड्यांच्या रोगांचं पुस्तक आहे," आपा म्हणाल्या. "कोंबडी मान टाकते तेव्हा काय करावं, ते लिहिलंय."

"या अल्ला," ती बाई म्हणाली. "आन् म्या रोज झाडून झाल्यावर ह्याच्यापुढं अगरबत्ती लावत व्हते!"

पडवीत हसण्याचा कल्लोळ झाला. आपा डोळे पुसत होत्या, ती बाईही हसत होती. मीही हसले, पण थोडंसंच. मला तिथं हसण्याचा हक्क आहे की नाही, ते कळेना.

गाठोड्यात त्याशिवाय एक शाळेचं व्याकरण होतं आणि एक शेरोशायरीचं पातळ पुस्तक. आपांची कादंबरी नव्हती.

हसू ओसरलं तसा त्या बाईचा चेहरा उतरला. "म्हणजे तलावात गेली ती बी असलीच व्हती? वाचायची? म्या चुकले का, आपा?"

आपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं. तू अदबीनं केलंस."

ती लगेच मोकळी झाली. चहा टाकायला आत पळाली. किती सरळ विचारलं तिनं, आणि किती पटकन तिचं ओझं उतरलं! चहा पिताना मी बशीकडं बघत बसले.

परतीच्या गाडीत मी कसंबसं विचारलं. "आणि मी, आपा?"

त्या मांडीवरच्या शायरीच्या पुस्तकाची दुमडलेली पानं एकेक करून सरळ करत होत्या.

"पुस्तकं जुनी होती. कधीतरी जायचीच," त्या म्हणाल्या. "पोरांना जागा पाहिजे, तेही खरं आहे. पण बाई, तुम्ही मला विचारायचं होतं. मी आंधळी झाले होते, मेले नव्हते."

त्या हे चिडून बोलल्या नाहीत. वर्गात गणित चुकलेल्या मुलीला कुठं चुकलं ते दाखवावं, तशा बोलल्या. मी "माफ करा" म्हणाले. त्यांनी मान हलवली. माफ केलं असा त्याचा अर्थ होता की ऐकलं असा, ते मला आजही ठरवता येत नाही.

कादंबरीचा दुसरा भाग मी सोलापुरात शोधला, लातूरला एका ओळखीच्यांना शोधायला लावला. मिळाला नाही. टेबलांपाशी बसणाऱ्या एका मुलीची मध्यंतरी निवड झाली. ती पेढे घेऊन आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. तिच्या यशात माझा वाटा आहे असं लोक म्हणतात, आणि ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. म्हणून तर जास्त अवघड जातं.

आपा आता मराठी पुस्तकं नेतात. मोठ्या टाइपाची, त्यातही प्रवासवर्णनं त्यांना आवडतात. नवी पुस्तकं आली की मी त्यातलं चांगलं पुस्तक काउंटरखाली त्यांच्यासाठी काढून ठेवायला लागले. त्या आल्या की खुर्ची पुढं करायची, पाणी आणून द्यायचं, रांग असली तरी त्यांचं आधी करून द्यायचं. त्यांनी बरेच दिवस सहन केलं.

गेल्या शनिवारी दुपारी गर्दी होती. मी काउंटरवरून हात केला, "आपा, तुम्ही इकडं या, पुढं या." पुढच्या तिघा-चौघांनी वळून बघितलं. आपा जागच्या हलल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांसारखं पुस्तक द्या. माझा नंबर आला की देते मी कार्ड."

मी हात खाली घेतला आणि पुढच्या माणसाचं पुस्तक नोंदवायला घेतलं.