राव सरांनी काढलेली माणसं

राव सर रिटायर झाले, तरी आमच्या स्टाफरूममधला चहा त्यांच्याशिवाय संपत नाही. एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला आठवतोच. सुरुवात हसण्याने होते, मग सगळे आपापल्या कपात बघत बसतात.

सर आमच्या डिझाइन कॉलेजात इन्फर्मेशन डिझाइन आणि फोटोग्राफी शिकवायचे. मी नाशिकहून चेन्नईला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तंजावरी मराठीत, तमिळ हेल काढत मला गाठलं. "तुम्ही मराठी? मग रोज दोन वाक्यं बोला हो माझ्याशी. बायको गेल्यापासून घरात मराठी ऐकायला फक्त देव उरलेत, आणि ते उत्तर देत नाहीत!"

*

एका मोठ्या हॉस्पिटलच्या पाट्या सरांनी केल्या होत्या. उद्घाटनाआधी डायरेक्टर म्हणाले, "शवागाराचा बाण राहिला."

"तिथे जाणाऱ्याला रस्ता विचारावा लागत नाही," सर म्हणाले.

"सोबतच्यांना लागतो!"

सरांनी बाण केला.

*

एका मुलीने वर्गात पुराचा चार्ट आणला. एक बाहुली म्हणजे शंभर बळी. शेवटची बाहुली कमरेत कापलेली.

"हा अर्धा कोण?"

"सर, ते पन्नास जण."

"बरं. त्यांच्या घरी कुठला अर्धा पाठवायचा?"

वर्ग खो खो हसला. ती मुलगी नाही हसली. सरही नाही.

*

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका आयटी कंपनीचे ग्राफ सर करून देत होते. तिथला मॅनेजर म्हणाला, "नोकरकपातीची रेघ लाल नको सर, डिप्रेसिंग वाटतं." सरांनी हिरवी केली.

काही महिन्यांनी त्याचाच फोन. "सर, ग्राफ मस्त दिसतोय! आता मीपण आहे त्यात."

*

एन्नोरच्या मच्छीमार वस्तीत सर फोटो काढायला जायचे. अधूनमधून मीही जायची. एकदा एक म्हातारी आली. तिचा मुलगा वादळात समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता, आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. सरांच्या एका जुन्या फोटोत, वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली, लांबवरच्या होडीत एक धूसर आकृती होती. चेहरा असा नव्हताच. म्हातारीने त्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हाच माझा सेल्वम!"

सरांनी तेवढाच भाग मोठा करून तिला फ्रेम करून दिला.

पुढच्या खेपेला दुसरी बाई आली. तिचाही मुलगा त्याच वादळात गेलेला. तोच फोटो तिने डोळ्यांजवळ धरला, खूप वेळ शोधलं, आणि त्याच आकृतीवर बोट ठेवलं.

"हा माझा कुमार."

मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.

"हो, अम्मा," ते म्हणाले. "केवढा करू?"