शून्य क्लॅश आणि दोन कूलर

“मिस, विच कूलर इज माइन?”

रिकामी बाटली घेऊन सना स्टाफरूमच्या दारात उभी होती. सना मुकादम, इयत्ता पाचवी, मूळ गाव रत्नागिरीजवळ. घरी आईशी मराठी, शाळेत इंग्लिश. माझ्यासमोर वह्यांचा ढीग होता. “कुठल्याही कूलरचं पी गं, पाणी एकच आहे,” म्हणून मी तिची बोळवण केली.

“दे से नो,” ती म्हणाली आणि गेली.

ही गोष्ट १९९८ सालची, अबुधाबीत मुसफ्फाजवळच्या एका खाजगी शाळेतली. मी तिथे गणित शिकवायचे आणि शाळेचं टाइमटेबलही करायचे. एकाच शिक्षकाला एका वेळी दोन वर्ग लागले, किंवा एका खोलीत दोन वर्ग आले, की आम्ही त्याला क्लॅश म्हणतो. टाइमटेबल करणाऱ्याला क्लॅश दिसला की घास गोड लागत नाही. आमच्याकडे क्लॅशचं मूळ म्हणजे भाषा. एकाच वर्गात कुणाला अरबी, कुणाला हिंदी, कुणाला फ्रेंच. भाषेच्या तासाची घंटा झाली की कॉरिडॉरमध्ये जत्रा भरायची.

त्या वर्षी मी डोकं चालवलं. हिंदीवाले सगळे ‘ए’ तुकडीत, अरबीवाले ‘बी’त, उरलेले ‘सी’त. भाषेसाठी कुणी जागचं हलायलाच नको. टाइमटेबलच्या बोर्डावर क्लॅश शून्य! प्रिन्सिपल थॉमस सरांनी मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि मी चांगलीच हुरळले. भाषा वेगळ्या केल्या की मुलं देशादेशांत वाटली जातील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खोटं कशाला बोलू?

सनाच्या प्रश्नानंतर दुसऱ्याच दिवशी हिबाचे वडील आले. सुदानचे, उंच, अतिशय शांत बोलणारे. हिबा आणि सना केजीपासून एका बाकावरच्या. माझ्या टाइमटेबलनं हिबा ‘बी’त गेली आणि सना ‘ए’त. ‘बी’तली मुलं हिबाच्या रंगाला आणि तिच्या अरबीच्या हेलाला हसत. ‘ए’तली आपली मुलंही काही संत नव्हती. ती तीच टिंगल हिंदीत करत. पूर्वी कुणी काही बोललं की शेजारून सना अंगावर धावून जायची. आता शेजारी कुणी नव्हतं.

“मॅडम, एव्हरी मॉर्निंग, बत्न,” वडिलांनी पोटावर हात ठेवून दाखवलं. “डॉक्टर से, नथिंग. आय टेक हर आउट.”

त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टेबलावर ठेवला. बसलेही नाहीत.

“मला एक आठवडा द्या,” मी इंग्लिशमध्ये म्हणाले. “तुकड्या मी बदलते.”

“इन्शाल्ला.”

गल्फमध्ये राहिलेल्याला या शब्दाचा सूर कळतो. हा ‘नाही’चा सूर होता.

मधल्या सुट्टीत मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथे दोन कूलर होते. डाव्यावर ‘ए’ची रांग, उजव्यावर ‘बी’ची; ‘सी’वाले वरच्या मजल्यावर पाणी पीत. कायदा मुलांनीच केलेला. सना हिंदी शिकायची म्हणून ‘ए’त, पण इस्लामियातच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला ‘बी’त बसायची. त्यामुळे ‘ए’वाले तिला तिकडे पिटाळत आणि ‘बी’वाले इकडे. ती बेसिनच्या नळावर बाटली भरत होती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी ते. सप्टेंबरात त्याचा चहा झाला असता.

कुडाळकडच्या माझ्या गावात लहानपणी दोन विहिरी होत्या. कुणी कुठल्या विहिरीवर जायचं, हे तिथे कुणाला विचारावं लागत नसे. ते सगळं मागे टाकून आपण विमानात बसलो, असं मी समजत होते. आणि इथे माझ्याच टाइमटेबलनं दोन पाणवठे केले होते. मला माझी लाज वाटली.

तशीच थॉमस सरांकडे गेले.

“मिसेस सावंत, मिड-टर्म चेंज? पेरेंट्स मेरा सिर खाएँगे. आपका तो झीरो क्लॅश है!”

“सर, क्लॅश बोर्ड पे नहीं है, कूलर पे है. पाँच मिनट चलिए.”

सर आले. दोन रांगा बघितल्या, मग बेसिनपाशी सनाला बघितलं. “खलास,” ते म्हणाले. “चेंज इट.”

उपाय जुनाच होता, फक्त मेहनतीचा. त्याला ब्लॉक म्हणतात. तिन्ही तुकड्यांचा भाषेचा तास एकाच वेळी ठेवायचा. मुलं त्या तासापुरती आपापल्या भाषेच्या खोलीत जातात आणि परत येऊन मिसळतात. त्यासाठी सगळे भाषाशिक्षक एकाच वेळी मोकळे लागतात, आणि अरबीच्या उस्ताद महमूदना सकाळचा पहिला तास नको असायचा.

“यू मेक, यू ब्रेक?” त्यांनी मिशीतून विचारलं.

“हो. चूक माझीच आहे.”

बाईमाणूस चूक कबूल करतंय की टाइमटेबलवाली, यातलं नवल त्यांना कशाचं वाटलं कोण जाणे. पण ते हसले. “यल्ला. फर्स्ट पिरियड, ओके.”

तिथली गुरुवार-शुक्रवारची आठवडी सुट्टी मी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची रंगीत कार्डं पसरून काढली. नवरा दोन दिवस ओट्यापाशी उभ्यानं जेवला. शनिवारी सकाळी मिसळलेल्या तुकड्यांच्या याद्या दारांवर लागल्या आणि हिबा-सना पुन्हा एका बाकावर आल्या. पण मुलांच्या सवयी यादीनं मोडत नाहीत, हे इतक्या वर्षांत मला कळलं होतं. म्हणून घंटेआधी मी उजव्या कूलरचा प्लग काढला आणि वर कागद चिकटवला: ‘आउट ऑफ ऑर्डर’.

आता रांग एकच. पहिले दोन दिवस ढकलाढकली, एक दात पडला. तो दुधाचा होता म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवसापासून भांडण देशांचं राहिलं नाही, नंबराचं झालं.

बुधवारी हिबाचे वडील आले. त्यांचा अर्ज हातात घेऊनच मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं. रांगेत हिबा आणि सना आधी कोण आलं यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. हिबाचा आवाज वरचढ होता.

“बत्न?” मी पोटावर हात ठेवून विचारलं.

“खलास,” ते म्हणाले आणि माझ्या हातातला अर्ज त्यांनी घडी करून खिशात घातला.

महिन्याभरानं मी उजव्या कूलरचा प्लग परत लावला. तो कुणाचा होता, हे तोवर मुलं विसरली होती. पुढे मी अकरा वर्षं टाइमटेबल केलं. बोर्डावर क्लॅश शून्य आला की मी आनंद करत बसत नसे, आधी पाण्याची रांग बघून यायचे. बोर्डावरचा क्लॅश मला निस्तरावा लागतो. रांगेतला मुलांना सोसावा लागतो.