मॉनिटर बंद ठेवून

माझ्या नवऱ्याला दिसत नाही. पस्तिशीच्या आसपास ह्यांची नजर हळूहळू गेली. पुढे निवृत्त होईपर्यंत ह्यांनी इथे नागपुरातल्याच एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि कॉम्प्युटरही तिथेच शिकले. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. बाण दाबला की तो पुढची ओळ वाचतो, टॅब दाबला की पुढच्या बटणाचं नाव सांगतो. ह्यांनी तो इतका वेगात ठेवलेला असायचा की मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. त्याने अर्धा शब्द उच्चारला की ह्यांचं बोट पुढच्या जागी गेलेलं असे.

हे सगळं विंडोज सेव्हनवर चालायचं. जग पुढे निघून गेलं तरी आमच्या घरात सेव्हनच होतं. पुण्याला असलेली मुलगी दर सुट्टीत नवीन मशीन घ्या म्हणून मागे लागायची. त्यावर ह्यांचं एकच म्हणणं, चालत्या गाडीचं इंजिन काहून खोलायचं? मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. एकदा मी चिडून तसं बोलूनही दाखवलं. हे चिडले नाहीत.

"बटण इकडचं तिकडं झालं तर तू नजर फिरवते न् तुले सापडते," हे म्हणाले. "मले अख्खं गाव पुन्हा पायाखालून घालावं लागते."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण तो आपणच निघाला. एकेक साइट जुन्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. आधी बँकेची, मग तिकिटांची, मग वीजबिलाची. ही कामं माझ्या फोनवर आली. ह्यांचे पासवर्ड मी टाकू लागले, ह्यांना आलेले मेल मी वाचून दाखवू लागले. तक्रार ह्यांनी कधी केली नाही. मात्र एका सकाळी मी ओटीपी मोठ्याने वाचत असताना हे मध्येच उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

ह्यांचे एक जुने मित्र उमरेडला असतात. शाळेत संगीत शिकवायचे; जन्मापासून दृष्टी नाही. दोघांची ओळख, नजर गेल्यावर ह्यांनी घेतलेल्या ट्रेनिंगमधली. त्यांनी फोनवर सांगितलं की नवीन विंडोज ह्या म्हाताऱ्या मशीनवर बसणारच नाही, पण लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसेल, आणि मुख्य म्हणजे आतलं काहीही न पुसता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येईल. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, जुनं घर जसंच्या तसं. ही गोष्ट ह्यांना पटली.

पुढच्याच आठवड्यात ते एसटीने आले. पेनड्राइव्ह रुमालात बांधून खिशात ठेवलेला. मशीन सुरू होतानाचा थोडा वेळ ते मुकं असतं, त्यामुळे कोणती कळ दाबायची आणि यादीत पेनड्राइव्ह कितव्या ओळीवर आहे, एवढं मी पडद्यावर पाहून सांगितलं. नंतर त्यांनी तीन कळा एकदम दाबल्या आणि नवा आवाज बोलायला लागला. ह्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "घशात खडा अडकल्यासारखा बोलते गा हा." मित्र हसले. सवय होईल म्हणाले.

सवय व्हायला वेळ लागला. सकाळी हे पेनड्राइव्हवर, दुपारी पुन्हा जुन्या सेव्हनवर. कधी मध्येच कुठेतरी अडकायचे, टेबलावर हात आपटायचे, उमरेडला फोन लावायचे. मग थंडीच्या दिवसांत एकदा जेवताना म्हणाले, "काल दिवसभर मी जुन्याकडे गेलोच नाही वं. आत्ता ध्यानात आलं." सेव्हन पुसून लिनक्सच टाकायचं, हा निर्णय तेवढ्यावरच झाला होता.

मित्र परत आले. मी आत पाटोड्यांच्या रश्शाचा मसाला वाटत होते. बाहेरून दोघांचा वाद आणि मधूनमधून तो खडबडीत आवाज ऐकू येत होता. चहा घेऊन गेले तर मॉनिटर काळा. त्याचा छोटा दिवासुद्धा लागलेला नव्हता. काहीतरी बिघडलं असं समजून मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या वहिनी," मित्र म्हणाले. "आम्ही तो लावलाच नाही."

मी तशीच उभी राहिले. आतापर्यंत आमच्या घरी सिस्टीम टाकायची म्हणजे मशीन उचलून दुकानात न्यायचं आणि चार दिवस हे हात बांधून बसायचे. आवाजाचा प्रोग्राम सगळ्यात शेवटी पडायचा, त्यामुळे तोवर ते काम डोळे असलेल्याचंच. आज पहिल्या पायरीपासून आवाज सोबत होता. भाषा विचारली, ह्यांनी निवडली. कीबोर्ड विचारला, निवडला. मग आवाज म्हणाला की ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

ह्यांचं बोट एंटरवर थांबलं. ह्यांनी मला विचारलं, "आईच्या आवाजाच्या फायली मी दुसऱ्या डिस्कवर टाकल्या. तू लावून पाहिल्या होत्या ना?"

मी पाहिल्या होत्या. सासूबाईंचं ओव्या म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. तसं सांगितलं आणि ह्यांनी एंटर दाबलं.

पडद्याच्या काळ्या काचेत खिडकी आणि दोन पांढरी डोकी दिसत होती. त्या काचेमागे एक जुनं जग पुसलं जात होतं आणि नवं मांडलं जात होतं, आणि भराभर आकडे बोलणाऱ्या आवाजातून ते कुठवर आलं हे ह्या दोघांना कळत होतं, मला नाही. मी ट्रे हातात धरून, देवळात उभं राहावं तशी उभी होते. चहा निवला. थोड्या वेळाने मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आवाजाने ह्यांचं नाव उच्चारून पासवर्ड विचारला, आणि हे एकदम लहान मुलासारखे हसले.

बसची वेळ होण्याआधी मित्रांनी मराठी आवाजही लावून दिला. ह्यांचा जुना प्रोग्राम देवनागरी आली की मुका व्हायचा. मी गेली कितीतरी वर्षं लिहिते आहे. माझी पुस्तकं ह्यांनी ऐकली ती माझ्याच तोंडून, मी वाचेन तशी, मी थांबेन तिथे थांबून.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून तो आवाज मराठी वाचताना ऐकू आला. 'ळ' जडपणे उच्चारत होता, स्वल्पविरामाला ठेचकाळत होता. दोन वाक्यांनंतर मला कळलं की ते माझंच लिखाण आहे. ह्यांनी त्या दुसऱ्या डिस्कवर ठेवलेल्या माझ्या फायलींतून एक लेख स्वतः शोधून उघडला होता. मी दाराशी थांबले. आत जायचं धैर्य होईना. माझी वाक्यं माझ्याशिवाय ह्यांच्यापर्यंत पोचत होती, आणि हे मध्येच बाण दाबून एखादी ओळ पुन्हा ऐकत होते. कुठली ओळ दोनदा ऐकावीशी वाटली, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

लेख संपल्यावर, मी दारात आहे हे ओळखून, हे म्हणाले, "ह्या मशीनले भाव समजत नाही. ते सपाट वाचते, तरी मले भरून आलं. म्हणजे लेख चांगला आहे." मग म्हणाले, "पण 'मात्र' लय वेळा येते वं तुझ्यात."

मी काही म्हणेपर्यंत ह्यांनी पुढची फाईल उघडली होती.