अकरा हातांचा तारामासा

प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये काही वर्षं काढली, की किस्से फॉर्मेलीनच्या वासासारखे अंगाला चिकटतात. साबण लावूनही जात नाहीत! नव्वदचं दशक, लोणंदचं आमचं कॉलेज. माझे निम्मे किस्से एकाच बरणीतले. तिच्यात होता थंड समुद्रातला, अकरा हातांचा तारामासा. जहाजावर नोकरीला लागलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं तो चिठ्ठीसकट पाठवला होता. आमचे लॅब अटेंडंट कांबळेमामा यांना तो जीव की प्राण, आणि ती चिठ्ठी तोंडपाठ. हा कुठं सापडतो, काय खातो, सगळं तिच्यात होतं, आणि मामा ती प्रत्येक बॅचला ऐकवत.

*

आमच्या विभागाच्या हेडसरांना मात्र तो नजरेसमोर नको. "पुस्तकात पाच हात आहेत. पोरं गोंधळतात. पाठमोरी ठेवा ती बरणी!"

मामांनी बरणी फिरवली. परत फिरवली. मग म्हणाले, "सर, ह्याची पाठ कंची म्हनायची?"

*

एकदा बरणीचं झाकण पिचलं. मामांचा मेव्हणा सांगलीजवळ कुपवाडला वर्कशॉपमध्ये होता. मामा बरणी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं सांगलीला निघाले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कशाचं लोणचं हाय रं बाबा?"

मेव्हण्यानं झाकण बसवलं, हात मोजले आणि घाबराच झाला. "दाजी, मालकाला दावू नका! उद्यापास्नं ह्यो एकटाच कामाला ऱ्हाईल!"

*

प्रदर्शनात शाळेची पोरं हात मोजायला लागली. गोल गोल मोजताना कुणाचे नऊ, कुणाचे तेरा! भांडणं जुंपली. मामांनी एका हाताला लाल दोरा बांधला. "हितनं सुरू, हितंच बंद!"

*

आणि ती बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा! नेहमीच्या पाच हातवाल्याची बरणी त्याच सकाळी खुद्द हेडसरांच्या हातून फुटली. नाइलाजानं टेबलावर हा आला.

सिंधू मेंढपाळांच्या घरातली, कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. "नापास झालीस तर लगीन," असं घरी ठरलेलं. तिनं समोर दिसले तसे अकरा हात काढले. बाहेरगावच्या परीक्षकांनी चित्रावर फुली मारली. "तारामाशाला पाच हात असतात. एवढंही येत नाही?"

सिंधूचे डोळे भरले. हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. मामांनी मात्र बरणी उचलून परीक्षकांच्या पुढ्यात ठेवली. "आवं सर, मोजा की. लाल दोऱ्यापास्नं."

परीक्षकांनी मोजले. अकरा! पुन्हा मोजले. चेहरा उतरला, पण माघार घेईनात. "बरं, मग हा खातो काय?"

मामांनी ओठ घट्ट मिटले आणि सिंधूकडे बघितलं. तिनं डोळे पुसले.

"पाच हातांचे तारामासे, सर!"