कोलम नसलेलं दार

अख्खं तमिळनाडू पाहायला एक जन्म पुरत नाही, असं करुप्पय्या प्रवाशांना सांगायचा आणि आठवड्याभरात बस फिरवून परत आणायचा. महाबलीपुरमचे दगडी रथ, तंजावरचं चोळांचं देऊळ, उटीची थंडी, कन्याकुमारीला एकत्र येणारे समुद्र. कुठल्या राजाने काय बांधलं ते त्याला तोंडपाठ होतं. अडलं की तो पांड्य राजांच्या नावावर खपवायचा. बिचारे पांड्य काही तक्रार करायला येत नाहीत.

या खेपेला मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कारैक्कुडीजवळच्या गावात त्याची म्हातारी आई, अळगम्मै, तापाने फणफणली होती. शेजारची मीनाळअक्का उशाशी होती, तरी मुलाचा जीव तो.

परतीच्या वाटेवर एका गावातून जाताना बसमधल्या एका बाईने खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "ड्रायव्हरअण्णा, सगळ्या दारांत रांगोळी आहे, त्या एकाच घरापुढे का नाही हो?"

"कुणीतरी गेलं असेल. सुतकात आमच्याकडे कोलम घालत नाहीत."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो आपल्या गल्लीत शिरला. दारोदारी तांदळाच्या पिठाचे पांढरेशुभ्र कोलम होते. त्याच्या दारात नुसती कोरी जमीन.

अम्माचा कोलम जन्मात चुकला नव्हता. तापातसुद्धा भिंत धरून ती दोन रेघा ओढायची. तो तिथंच मटकन बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

"मेल्या, ऊठ तिथनं!"

अम्मा दारात उभी! केस पिंजारलेले, हातात पिठाची वाटी.

"ठिपक्यांची जागा अडवून बसलाय टोणगा!"

"अम्मा... कोलम का नाही?"

"पहाटे ताप उतरला आणि अशी झोप लागली म्हणून सांगू! एक दिवस उशिरा उठले तर लगेच रडून मोकळा?"

"मी घालते म्हटलं होतं," आतून मीनाळअक्का ओरडली, "तर तापातच दम दिला, माझ्या दारात दुसरीची रेघ नको!"

करुप्पय्याचा जीव भांड्यात पडला. अम्मा वाकायला गेली तशी तोल जाऊन डगमगली, म्हणून वाटी त्यानेच घेतली.

"अरे, ठिपक्यावरून नाही, ठिपक्याभोवती! घाटात बस कशी वळवतोस?"

गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोलम फारच वेडावाकडा झाला होता.

"हसू देत," अम्मा उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "लांबून दिसतोय ना? बास झालं."